कृत्रिम दंत : बळकटी, चर्वणक्षमता आणि आपले कर्तव्य

अन्नपचनाचा आरंभ मुखात होतो, हे आपण रुग्णास नित्य सांगतो. परंतु त्याचे मुख उघडून पाहणे मात्र अनेकदा राहून जाते. अजीर्ण व मलावष्टंभासाठी आलेल्या एका वृद्ध गृहस्थांस आम्ही दोन महिने हिंग्वाष्टक चूर्ण देत होतो. उतार पडेना. एके दिवशी बोलता बोलता त्यांनी सदऱ्याच्या खिशातून खालची कवळी काढून दाखविली. जेवताना ती हलते व टोचते, म्हणून ते भाकरी आमटीत कुस्करून तशीच गिळत होते. मूळ दोष चर्वणाचा होता आणि चूक आमच्या परीक्षणाची होती. म्हणून प्रस्तुत लेखात कॅप व कवळी यांच्या रचनेचा, आपल्या व्यवसायास आवश्यक तेवढा, विचार करू.

कॅप : कॅपची बळकटी केवळ तिच्या पदार्थावर अवलंबून नसते. घासलेल्या दाताची उंची पुरेशी उरावी व भिंती किंचितच निमुळत्या असाव्यात. अन्यथा कॅप निसटते. चावण्याच्या पृष्ठावर धातूच्या कॅपसाठी सुमारे १ ते १.५ मि.मी., तर धातूवर पोर्सेलिन चढविलेल्या कॅपसाठी १.५ ते २ मि.मी. जागा लागते. ती कमी पडल्यास पोर्सेलिनचा टवका उडतो. रूट कॅनाल केलेल्या दातात हिरडीच्या वर निरोगी दाताची सुमारे २ मि.मी. कड शिल्लक असून कॅपने ती चहूबाजूंनी वेढली, तर दात चिरण्याचा धोका कमी होतो. झिर्कोनिया अतिशय मजबूत खरे. परंतु कॅप उंच राहिल्यास सारा भार त्या एकाच दातावर व समोरच्या दातावर येतो.

कवळी : नैसर्गिक दातांच्या मुळांभोवतीच्या बंधांचे क्षेत्र प्रत्येक जबड्यात सुमारे ४५ चौ.सें.मी. मानतात. वरच्या कवळीस सुमारे २३, तर खालच्या कवळीस अवघा १२ चौ.सें.मी. आधार मिळतो. पूर्ण कवळीने चावण्याचे बळही नैसर्गिक दातांच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकेच असते. म्हणून स्नायूंच्या हालचालीस अडथळा न आणता पाया शक्य तितका पसरट ठेवतात आणि दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच वेळी टेकतील अशी मांडणी करतात. दात गेल्यावर हाड झिजत राहते, खालच्या जबड्यात अधिक. हिरडी खाली गेली की वरची कवळी टाळूच्या मध्यावर डोलते, प्रत्येक घासागणिक वाकते आणि अखेर मध्यरेषेवर तडकते. अशी कवळी नुसती सांधून भागत नाही. तिची बसण तपासून नवे अस्तर किंवा नवी कवळी करावी लागते.

औषधविक्रेत्यांसाठी : खरखरीत दंतमंजनाने कवळीवर चरे पडतात व त्यांत मळ साचतो, मऊ ब्रश व साधा साबण पुरे. उकळत्या पाण्याने कवळी वाकडी होते. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवावी. कवळी चिकटविण्याची पावडर वारंवार मागणाऱ्या ग्राहकास दंतवैद्याकडे जाण्यास सुचवावे.

वैद्यांसाठी : तैलगंडूषाने हनूस बल येते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात सांगितले आहे. गंडूष कवळी काढून करवावा. मात्र त्याने सैल कवळी घट्ट होईल अशी आशा रुग्णास दाखवू नये. कवळी टोचून झालेला व्रण, ती काढून ठेवल्यावरही दोन आठवड्यांत भरला नाही, तर अर्बुदाची शंका घेऊन रुग्णास विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवावे. तंबाखू खाणाऱ्यांत तर येथे क्षणाचीही हयगय नको.

उपरोक्त गृहस्थांस दंतवैद्याने कवळीस नवे अस्तर लावून दिले. आरंभी मऊ अन्नाचे लहान घास दोन्ही बाजूंनी चावण्याचा सराव आम्ही करविला. महिन्याभरात चूर्ण बंद झाले. तेव्हापासून वृद्ध रुग्णाची नाडी पाहण्यापूर्वी “जेवताना कवळी तोंडात असते की खिशात?” हा प्रश्न आम्ही आवर्जून विचारतो.