कापड आधी भिजव

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, मैत्रिणीला आठवा महिना लागलाय आणि बाजारातून काही न आणता बाळंतविडा स्वतः शिवून द्यायचा विचार आहे. ऐकून मला इतकं बरं वाटलं की रात्रीच ट्रंक उघडून बसले. फोनवर सगळं सांगून होत नाही आणि तुला ऑफिसची घाई असते, म्हणून लिहून ठेवते. शेजारी कापड घेऊन बस आणि वाच.

ट्रंकेत सगळ्यांत वर काय निघालं सांगू? एक कुंची. 1968 साली लग्न होऊन मी नागपूरहून रायपूरला, तात्यापाऱ्यातल्या घरात आले. वर्षभराने नणंदेला मुलगा झाला. नवी सून, हातात कला आहे हे दाखवायची हौस, म्हणून माहेराहून खण मागवला आणि त्याची कुंची शिवून टिकल्या, मोती, जरीची तार असं सगळं तिच्यावर चढवलं. बारशाला बायकांनी हातात घेऊन घेऊन पाहिली. बाळाच्या मानेवर मात्र तासाभरात लाल वळ उठले. कुंची दोनदा घातली गेली आणि पन्नासाहून जास्त वर्षं झाली तरी तशीच नवी आहे. त्याच बाळाला शेजारच्या छत्तीसगढी दाईने, म्हणजे त्या घरातल्या म्हाताऱ्या आईने, स्वतःच्या जुन्या लुगड्याची छोटी कथरी शिवून दिली होती. आपण जिला दुपटं म्हणतो तीच. लाल दोऱ्याचा साधा धावदोरा, दुसरं काही नाही. ती कथरी अंगावर घेतल्याशिवाय तो मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत झोपला नाही. तेव्हापासून शिवायला बसले की मी आधी एकच विचार करते, हे रोज धुतलं जाणार आहे, तर धुण्याला टिकेल का? तूही प्रत्येक वस्तूला हेच विचार.

म्हणून पहिलं काम सुईचं नाही, बादलीचं. पंडरीच्या बाजारातून आणलेलं मलमल असो, मांजरपाट असो की वायल, कापण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजव आणि न पिळता वाळव. सुती कापड पहिल्या पाण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज आटतं. न भिजवता शिवलंस तर बाळ वाढायच्या आधी झबलंच लहान होईल. शिवाय नव्या कापडाला खळ असते, ती बाळाच्या कातडीला टोचते. अस्तर, उरेप पट्टी, नाड्यांची फीत हे सगळंही भिजवायचं. बाहेरचं कापड भिजवलं आणि आतलं राहिलं तर धुतल्यावर आतलं आखडतं आणि वरचं फुगतं. साडीच्या फॉलचं असंच होतं. तीजाला लेकीसुनांना साड्या देशील तेव्हा फॉल भिजवून, वाळवून, हाताने हेम घालून लाव. निऱ्या कशा सरळ पडतात ते बघ.

दुपट्यासाठी मात्र नवं कापड घेऊच नकोस. आपल्यात बाळाचे पहिले कपडे घरातल्या मोठ्यांच्या जुन्या कापडाचे करतात आणि इथल्या छत्तीसगढी घरांतही मी तेच पाहिलं. मोठ्यांचं आयुष्य लाभावं ही त्यामागची भावना मी मनापासून मानते. आणि पन्नास वेळा धुतलेल्या सुती लुगड्याइतका मऊपणा दुकानात पैसे देऊन मिळत नाही, हेही तितकंच खरं. माझं एक फिकं निळं पातळ काढून ठेवलंय. उजेडासमोर धरून विरलेला भाग टाकून दे, ओढून बघितल्यावर फाटतो तोही टाकून दे, उरलेलं वापर. नव्वद सेंटिमीटरचा चौकोन पुरे. बाळ वैशाखात येणार, तेव्हा रायपुरात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, म्हणून दोनच पदर घे. पौषातलं बाळ असतं तर तीन सांगितले असते. इथल्या थंडीला जाड गोधडी लागतच नाही, नागपूरच्या आठवणीने मी एकदा केली होती, ती वाया गेली.

पदर फरशीवर अंथर, उभं सूत उभ्यावर येऊ दे, हाताने मधून बाहेर हवा काढ आणि लांब लांब कच्चे टाके घाल, तेही मधून कडेकडे. हा कंटाळवाणा भाग चुकवायचा नाही. कच्चा दोरा न घालता सरळ धावदोरा सुरू करणाऱ्यांची दुपटी मध्ये फुगतात. मग कडेपासून आत येत धावदोरा घाल, बोटाच्या एका पेरात पाच-सहा टाके. दोरा सुतीच घे. पॉलिएस्टरचा दोरा कापडापेक्षा बळकट असतो, जुन्या विरविरीत लुगड्यात तो दोन वर्षांत कापत जातो. आणि दोरा हातभरच तोड, कोपरापासून बोटांपर्यंत. वारंवार ओवायला नको म्हणून लांब घेतलास तर त्याला पीळ पडतो, गाठी होतात आणि प्रत्येक टाक्यातून ओढला जाऊन शेवटच्या टाक्यांपर्यंत तो केसाळ होतो.

झबल्याची मापं लिहून घे. नुकत्या जन्मलेल्या बाळाची छाती साधारण तेहेतीस-चौतीस सेंटिमीटर असते. झबल्याचा घेर शेहेचाळीस-अठ्ठेचाळीस ठेव, उंची अठ्ठावीस-तीस. डोकं पस्तीसच्या आसपास, म्हणजे टोपडं छत्तीस-सदतीस. समोरून पूर्ण उघडं, आडवं एकावर एक येणारं झबलं शिव, म्हणजे डोक्यातून घालावं लागत नाही. नव्या आईचे हात त्या डुगडुगत्या मानेला घाबरतात. शिवण बाहेरच्या बाजूला येऊ दे. दिसायला उलटं दिसेल, कोणी तरी म्हणेल की उलटं शिवलंय. म्हणू दे. आतली बाजू बाळाची आहे. बटणं, मणी, टिकल्या, घुंगरू काही नको, पोरं जे हाताला येईल ते तोंडात घालतात. नाड्या रुंद आणि आखूड ठेव, बोटभर गाठ बसली की पुरे, आणि मैत्रिणीला सांग की झोपवताना टोपड्याच्या नाड्या सोडून टोपडं काढून ठेवायचं.

बगलेच्या दोन्ही शिवणींत माया भरपूर सोड. माझी आई कापडावर खडूने रेघ ओढायची आणि कात्री त्या रेघेपासून दोन बोटं लांबून चालवायची. दोन महिन्यांनी बाळ भरलं की आतली टीप उसवली, झबलं पुन्हा अंगात. त्यासाठी ती टीप बारीक घालू नकोस, उसवता आली पाहिजे. शिवणीतल्या या जागेला आपल्याकडे माया म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, आई लाडाने म्हणते आहे. शिवणकामाचाच शब्द आहे हे मला रायपुरात, शिंप्याच्या तोंडून ऐकल्यावर कळलं.

आता भरतकाम. ते तुला सगळ्यांत आवडतं आणि सगळ्यांत जास्त चुका तिथेच होतात. बाळाच्या छातीवर भरायचं नाही. बाळ आईच्या खांद्यावर टेकतं आणि टाक्यांचा मागचा खरखरीतपणा कातडीला घासतो. खालच्या काठाला, बाहीच्या कडेला, दुपट्याच्या एका कोपऱ्याला भर. सुरुवात गाठीने करू नकोस. बोटभर शेपूट सोड आणि पहिल्या काही टाक्यांखाली दाबून टाक, संपवताना सुई मागच्या टाक्यांतून सरकव. कर्नाटकी कशिद्यात गाठ वर्ज्यच असते, त्यातल्या काही टाक्यांत तर मागची बाजू पुढच्यासारखी दिसते. लहान मुलांच्या कपड्याला तोच नियम लाव. तरी मागे खरखर वाटली तर मऊ मलमलचा तुकडा हेमाने लावून झाकून टाक. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घे. मुलांच्या कपड्यावर सगळे सहा पदर घालायचे नाहीत, टाका जड होतो आणि पहिल्याच धुण्यात कापड ओढलं जातं.

रंगाची परीक्षा घेतल्याशिवाय लाल, काळा, गर्द निळा दोरा वापरू नकोस. हातभर तुकडा कोमट पाण्यात साबण घालून पाच मिनिटं ठेव, मग पांढऱ्या चिंधीत दाबून धर. चिंधीला रंग लागला तर तो दोरा दुपट्याला नाही. एका पुतणीच्या मुलाला मी पांढऱ्या झबल्यावर लाल मोर भरून दिला होता आणि पहिल्या धुण्यातच सगळं झबलं गुलाबी झालं. ती काही बोलली नाही. मला आजही वाईट वाटतं, कारण त्या मोराला माझे अकरा दिवस लागले होते आणि परीक्षेला पाच मिनिटं.

नक्षी कुठून घ्यायची असं विचारलंस ना? मैत्रीण छत्तीसगढी आहे. तिच्या आजीच्या हातावर गोदना, म्हणजे गोंदण, असेल तर तो नीट बघून घे. ठिपके, बारीक रेघा, त्रिकोणांची ओळ, हे सगळं धावदोऱ्याला आणि मागच्या टिपेला जणू मापून दिलेलं आहे. सरगुजाकडे बायका आता ही नक्षी कापडावर रंगवतात. तू सुईने उतरव. आजीला विचारून घे, कुठली खूण कशाची ते तीच सांगेल. मोर आणि कोयरी आपण नेहमीच भरतो, त्या बाळाच्या घरातलं काही तरी त्याच्या अंगावर असू दे. नक्षी उतरवायला दुकानात नीळ आणि रॉकेल चोळलेला भोकांचा कागद वापरतात. साडीला चालतं, बाळाच्या कापडाला नाही. हलक्या हाताने खडूने काढ, आणि इस्त्री करण्याआधी खडू झटकून, धुऊन घे.

पुढच्या संक्रांतीला त्याच बाळाचं बोरनहाण असेल. आपला रिवाज तिला सांग, तिला आवडेल. तेव्हाचं काळं झबलं आतापासून मनात ठेव. काळ्यावर खडू टिकत नाही, अंगाच्या साबणाची झिजलेली चिपटी वाळवून तिच्या कडेने खुणा कर, पाण्याने निघून जातात. आणि काळ्या कापडावर भरताना मांडीवर पांढरा टॉवेल घे. त्याच्यावरून सुताची भोकं स्पष्ट दिसतात, डोळे दुखत नाहीत. पांढऱ्या दोऱ्याने चांदण्या भर, छोट्या आणि विरळ. चंद्रकळेवर असतात तशा.

बाळंतविड्यात लोक आईला विसरतात, म्हणून तिच्यासाठी मलमलची दोन मोठी चौकोनी फडकी कर, डोक्याला बांधायला. कडेला बारीक दुमड घालून हाताने हेम, बस्स. तिची सासू कांके पानी, म्हणजे इथला बाळंतिणीचा काढा, करून देईल, तू हे दे. सासूबाईंसाठी कोशाचा बटवा करता येईल. चांप्याकडचा कोसा म्हणजे अर्जुन आणि साजाच्या पानांवर वाढलेल्या किड्यांचं रेशीम, त्याचा मधासारखा रंगच इतका सुंदर की त्यावर फार भरायचं नाही. कोसा कापला की लगेच सुटायला लागतो, म्हणून कापल्याबरोबर कडा गुंफून घे आणि दोन सेंटिमीटर माया सोड. सुती अस्तर हवंच. इस्त्री उलट्या बाजूने, ओल्या फडक्यावरून. धुवायचा तर रिठ्याच्या पाण्यात, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. हे धुण्याचं कागदावर लिहून बटव्यातच ठेव. बाळाला मात्र कोसा नको, अंगाला खरखरतो.

खणाची कुंची करायचीच असेल तर कर, पण आत माझ्या पातळाचं अस्तर घालून. खणाचा काठ चेहऱ्याभोवती येऊ दे, तोच दागिना आहे. माझ्या कुंचीच्या टिकल्या मी काल रात्री उसवायला घेतल्या. अर्ध्या झाल्या.

सगळं तयार झालं की पुन्हा एकदा सौम्य साबणाने धू, रायपूरच्या उन्हात उलटं करून वाळव म्हणजे रंग उडत नाहीत, आणि सुती पिशवीत ठेव. कपाटात डांबरगोळ्या असतील तर तिथे ठेवू नकोस. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक कमतरता असते, त्यांना त्या गोळ्यांच्या वासानेही कावीळ चढते आणि रक्त उतरतं. अजून न जन्मलेल्या बाळात ती आहे की नाही हे आपल्याला कळायला मार्ग नाही. कडुलिंबाची वाळलेली पानं चिंधीत बांधून ठेव, देताना काढून घे.

आणि वेळ लक्षात ठेव. आपलं बारसं बाराव्या दिवशी, त्यांच्याकडे सहाव्या दिवशी छट्ठी असते, तेव्हाच नातलग जमतात. त्यामुळे तुझ्या हाताशी आपल्यापेक्षा सहा दिवस कमी आहेत. आठव्या महिन्यात बाळ कधीही येऊ शकतं, म्हणून आधी दुपटी दोन, मग झबली चार, मग टोपडी, आणि भरतकामाचा कोपरा सगळ्यांत शेवटी. दुपटं तयार असेल आणि कोपरा रिकामा राहिला तरी चालतं.

रविवारी ये. पातळ घेऊन जा, येताना कात्री आण, माझी पावसाळ्यात गंजली. आणि मलमल घेतलं असशील तर आज रात्रीच बादलीत टाक.