आपल्या जिल्ह्याचे सेनानी : जनरल थोरात

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सैन्यात गेलेली माणसं गावोगाव आहेत. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला तर सगळे सैनिक टाकळीच म्हणतात. पण इंग्रजांच्या राज्यात आपला माणूस शिपाई होई, फार तर सुभेदार. घोडदळात असला तर रिसालदार. वरचा साहेब मात्र गोरा. हिंदी माणसाला पलटण चालवता येणार नाही, असं बरेच गोरे साहेब म्हणत. ते कसं खोटं ठरलं, हे मी लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्या चरित्रातून सांगणार आहे.

त्यांचा जन्म १९०६ साली वडगावचा. इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात १९१८ पासून दरवर्षी हिंदी मुलांसाठी जागा ठेवल्या, पण त्या फक्त १०! तेथे शिकून थोरात १९२६ साली अधिकारी झाले. ते घोडदळात नव्हे, तर पायदळात पंजाब रेजिमेंटमध्ये गेले.

जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगाव येथे जपान्यांशी घनघोर लढाई झाली. तेथे एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते : थिमय्या, सेन आणि आपले थोरात. तिघांनीही डी.एस.ओ. हे मानाचं पदक मिळवलं. यापेक्षा वेगळं उत्तर काय हवं?

स्वातंत्र्यानंतर १९५३ साली ते कोरियात गेले. मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी आपल्या सैन्याच्या ताब्यात होते. कैद्यांनी आपला एक अधिकारी पकडून ठेवला. तेव्हा थोरात हत्यार न घेता आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. त्यांना अशोकचक्र, वर्ग २ मिळालं. १९६७ पासून त्यालाच कीर्तिचक्र म्हणतात.

पुढे पूर्व विभागाचे सेनापती असताना, १९६० साली त्यांनी ‘लाल किल्ला’ नावाचा लष्करी सराव घेतला. चीनने हल्ला केला तर आपलं बळ कुठं अपुरं पडेल, हे त्यांनी दाखवून दिलं. त्याकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही. १९६१ साली ते निवृत्त झाले आणि १९६२ साली चीनने खरोखरच हल्ला केला. १९९२ साली त्यांचं निधन झालं.

मला वाटतं, लढायला जसं धैर्य लागतं, तसंच वरिष्ठांना नको असलेलं खरं सांगायलाही लागतं. थोरातांकडे दोन्ही होतं.

करून पाहा : वर्गातल्या नकाशात ब्रह्मदेश (आताचा म्यानमार) आणि कोरिया शोधा. घरी किंवा शेजारी कोणी माजी सैनिक असतील, तर ते कुठं कुठं होते ते विचारून वहीत लिहा.