बिग बेनचा कोंबडा

अगं, ती नवी वही तीन आठवडे कोरीच आहे ना? 'खरी मी कोण, ते काढायचंय' म्हणालीस तेव्हाच मला धडकी भरली होती. एवढा थोरला प्रश्न समोर ठेवल्यावर पेन्सिल हलेल कशी?

भज्जू श्याम माहितीयत तुला? मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे गोंड चित्रकार. भोपाळला आले, आधी रात्रीची चौकीदारी केली, मग काका जनगढ सिंह श्याम यांच्या हाताखाली चित्रं शिकले. पुढे लंडनमधल्या एका रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला दोन महिने तिकडे गेले. त्या दिवसांच्या चित्रांचं २००४ मध्ये पुस्तक निघालं, 'द लंडन जंगल बुक'. त्यात बिग बेन म्हणजे भलामोठा कोंबडा! गोंडांच्या चित्रात वेळ कोंबडाच सांगतो ना. जमिनीखालून धावणारी ट्रेन म्हणजे गांडूळ, ३० नंबरची बस म्हणजे इमानी कुत्रा. आणि संध्याकाळी पबकडे निघालेले इंग्रज? वटवाघळं. मला तर ती वटवाघळं फार आवडतात. काढायला घेतलं लंडन, पण पानोपानी दिसतात ते पाटणगढचे डोळे.

माझंही एकदा असंच झालं, म्हणजे माझ्या वकुबाप्रमाणे. आजीचं स्वयंपाकघर आठवून काढत होते. काढून झाल्यावर बघते तर ओटा माझ्या नाकाच्या उंचीवर, लाडवाचा डबा पार छताला टेकलेला, आणि आजीचं तोंडच नाही! नुसता पदर आणि पावलं. मी सात वर्षांची होऊन बसले होते, मला पत्ताच नाही. मग चित्राखाली त्या डब्याची गोष्ट लिहायला घेतली आणि तिसऱ्या ओळीला रडू फुटलं. डबा मी सांडला होता आणि मार धाकट्याने खाल्ला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

तर आज रात्री 'मी'-बी काही काढू नकोस. दिवसभरात जे डोळ्यांत राहिलं असेल ते काढ. बसमधल्या बाईची पिशवी, ऑफिसातला गळका नळ, काहीही. खाली चार ओळी खरड, बोलतेस तशा. खोडरबर मात्र दुसऱ्या खोलीत ठेव. चुकलेली रेघ राहू दे, पुष्कळदा तीच बोलते.

आणि वही मला दाखवायची नाही हं. आईला तर मुळीच नको, ती पहिल्यांदा पाय वाकडे आलेत म्हणेल.