चाच्यांची गाणी खरंच चाच्यांची आहेत का?

प्रश्न : माझा मुलगा हल्ली सतत ‘वेलरमन’ आणि तशीच समुद्री चाच्यांची गाणी ऐकत असतो. पूर्वीचे चाचे खरोखर अशी गाणी म्हणत होते का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : गात होते, पण ही गाणी नव्हेत. ‘वेलरमन’चा चाच्यांशी काही संबंध नाही. वेलर बंधूंनी १८३१ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो बंदरात देवमाशांच्या शिकारीचं ठाणं उभारलं. रसद घेऊन येणाऱ्या त्यांच्या माणसांची वाट पाहणाऱ्या शिकारी खलाशांचं ते गाणं आहे. अटलांटिक आणि कॅरिबियन समुद्रांतल्या चाच्यांचा जोर त्याच्या शंभर वर्षं आधीच, साधारण १७३०पर्यंत, संपला होता.

एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी पालुपद उचलून दोर खेचायचा, अशी ‘शँटी’ गाणी एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी जहाजांवर बहरली. आपले कोळी होडी किनाऱ्यावर ओढताना एका सुरात आरोळी देतात, तेच काम ही गाणी करत. व्यापारी जहाजांवर माणसं मोजकी असत, म्हणून प्रत्येकाचा जोर एकाच क्षणी लागणं गरजेचं होतं. चाच्यांच्या जहाजावर मात्र माणसांची रेलचेल असायची, कारण त्यांना चढाई करायची असे.

मग चाच्यांचं संगीत कसलं? मुख्यतः वाद्यांचं, आणि ते धाक घालण्यासाठी. जून १७२० मध्ये बार्थोलोम्यू रॉबर्ट्स न्यूफाउंडलंडच्या ट्रेपॅसी बंदरात शिरला तो ढोल बडवत, तुताऱ्या फुंकत आणि काळे झेंडे फडकावत. बंदरातल्या जहाजांवरचे खलाशी किनाऱ्याकडे पळाले. त्याच्या टोळीची नियमावली १७२४ च्या चाच्यांवरील प्रसिद्ध पुस्तकात छापली आहे. तिच्यात वादकांना रविवारी विश्रांती मिळावी, एरवी मात्र खास परवानगीशिवाय नाही, असं कलम आहे. यातले काही वादक लुटलेल्या जहाजांवरून जबरदस्तीने आणलेले होते. फेब्रुवारी १७२२ मध्ये रॉबर्ट्स लढाईत मारला गेला आणि आफ्रिकेच्या केप कोस्ट किल्ल्यात त्याच्या माणसांवर खटला चालला. ५२ जणांना फाशी झाली, पण सक्तीने वाजवायला लावलेल्या काही वादकांना न्यायालयाने सोडून दिलं. चाच्यांच्या संगीताचा खरा इतिहास मला या वादकांतच दिसतो.

आज ऐकू येणारी बाकीची गाणी रंगभूमीवरून आणि पुस्तकांतून आली. स्टीव्हन्सनने ‘ट्रेझर आयलंड’मध्ये (पुस्तकरूपाने १८८३) रम आणि मेलेल्या माणसाच्या पेटीच्या पालुपदाच्या जेमतेम काही ओळी लिहिल्या. पुढचं गाणं यंग अ‍ॅलिसन या अमेरिकन लेखकाने १८९१ मध्ये पूर्ण केलं. त्याआधी, १८७९ च्या अखेरीला, गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची चाच्यांवरची संगीतिका न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आली. त्यांच्या आधीच्या संगीतिकेचे प्रयोग अमेरिकेतल्या कंपन्यांनी परवानगीशिवाय केले होते. म्हणून या वेळी ते दोघे स्वतःच तिकडे गेले.

चाच्यांच्या काळातच छापली गेलेली गाणीही आहेत, आणि त्यांचे नायक आपल्याच समुद्रात लूट करत होते. हेन्री एव्हरीच्या तोंडी घातलेलं पद १६९४ मध्ये लंडनमध्ये विकलं जात होतं. पुढच्याच वर्षी त्याने मोख्याहून सुरतेला यात्रेकरू घेऊन परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ जहाज लुटलं. जहाजावरच्या स्त्रियांवर झालेले अत्याचार इतिहासकार खाफी खानाने लिहून ठेवले आहेत. पद आधीच छापलेलं असल्यामुळे त्यात हे काही नाही, आणि एव्हरीची शूर प्रतिमा मात्र गाण्यातून लोकांपर्यंत पोहोचली. हे मला फार खटकतं. चाच्यांची गाणी ऐकताना समोरच्या जहाजावर कोण होतं, हे मुलांना सांगायलाच हवं.

असंच दुसरं पद कॅप्टन किडचं. त्याने १६९८ मध्ये बंगालहून सुरतेला निघालेलं ‘क्वेडा मर्चंट’ कोचीनजवळ पकडलं. २३ मे १७०१ रोजी लंडनमध्ये त्याला फाशी दिली, आणि त्याच वर्षी त्याच्यावरचं पद छापलं गेलं.

तुम्ही अलिबागचे, म्हणून एक जोडतो. इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांनाही चाचेच म्हटलं. पण कान्होजी १६९८ पासून मराठी आरमाराचे सरखेल होते, आणि दस्तक न घेता फिरणारी जहाजं ते त्या अधिकाराने अडवत. त्यांना एव्हरी-किडच्या पंगतीत बसवणं चूक आहे.

मुलाला ‘वेलरमन’ खुशाल ऐकू द्या, गाणं छान आहे. चाच्यांच्या काळातलं खरंखुरं काही हवं असेल तर किडचं पद शोधून द्या. ते आजही गायलं जातं.