पिशवी काढली, तरी अंडाशयाचा कॅन्सर कसा?

प्रश्न : आमच्या सासूबाई 61 वर्षांच्या आहेत. त्यांची पिशवी 14 वर्षांपूर्वी काढली. गेले तीन-चार महिने पोट फुगायचे, म्हणून गॅसच्या गोळ्या चालू होत्या. आता सोनोग्राफीत अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय आला आहे. पिशवीच नाही, तर हा आजार आला कुठून? आणि ‘सुई लावू देऊ नका, पसरेल’ असे शेजारी सांगतात, ते खरे आहे का?
— एक वाचक, गव्हाण (ता. पनवेल)

उत्तर : ताई, तुमचा गोंधळ ‘पिशवी’ या शब्दाने केला आहे आणि तो घरोघरी होतो. आपल्याकडे ‘पिशवी काढली’ म्हटले की आतले सगळेच काढले असे धरून चालतात. पिशवी म्हणजे गर्भाशय. अंडाशय हे वेगळे अवयव. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक, साधारण बदामाच्या आकाराचे. पाळी जाण्याआधी पिशवी काढायची वेळ आली तर डॉक्टर पुष्कळदा अंडाशय मुद्दाम ठेवतात, कारण त्यांतून येणारी संप्रेरके हाडांना आणि हृदयाला हवी असतात. त्यात चूक काही नाही. पण जे आत राहिले, त्याला आजार होऊ शकतो. सासूबाईंचे त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड शोधा. काय काढले आणि काय ठेवले, ते त्यावर लिहिलेले असते.

आणखी एक गोष्ट गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उलगडली. ज्याला आपण अंडाशयाचा कॅन्सर म्हणतो, त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराची सुरुवात बऱ्याचदा अंडाशयात नव्हे, तर अंडाशयाजवळच्या नळीच्या, म्हणजे बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी होते. म्हणून कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2010 पासून पिशवी काढताना अंडाशय ठेवले तरी या नळ्या काढून टाका, असा आग्रह धरला गेला. आता ही पद्धत पुष्कळ ठिकाणी रुळली आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाची पिशवी काढायची ठरत असेल, तर नळ्यांचे काय करणार, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे.

आता गॅसचे. यात सासूबाईंचा दोष नाही, हे आधी त्यांना सांगा. अंडाशय ओटीपोटात खोल असतो. तिथे गाठ वाढली तरी ती लवकर हाताला लागत नाही, दुखतही नाही. पेशी सुटून पोटाच्या आतल्या अस्तरावर बसतात, पोटात पाणी साठू लागते, आतड्यांवर आणि मूत्राशयावर दाब येतो. मग काय होते? पोट फुगते. तांदळाची अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरल्यासारखे वाटते. सारखे लघवीला जावे लागते. ओटीपोटात जड वाटते. चेहरा आणि हात वाळत जातात आणि परकराची नाडी मात्र रोजच्या जागी बांधता येत नाही. यातली प्रत्येक गोष्ट ॲसिडिटीतही होते, म्हणून बाई गोळी घेते आणि कामाला लागते. फरक ओळखायचा तो असा : खाण्यातल्या बदलाने होणारा गॅस येतो आणि जातो, हा त्रास नव्याने सुरू होतो आणि टिकून राहतो. महिन्यातले बारा-तेरा दिवस असे होऊ लागले, विशेषतः पन्नाशीनंतर, तर गोळी बदलू नये, पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

‘दोन वर्षांपूर्वी पॅप तपासणी नॉर्मल होती’ असेही बायका सांगतात. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची. तिच्यात अंडाशय दिसत नाही. एचपीव्हीची लसही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आहे. मग सगळ्यांची दरवर्षी रक्ततपासणी का करत नाहीत? ब्रिटनमध्ये हे करून पाहिले. पाळी गेलेल्या 2 लाखांवर स्त्रिया अभ्यासात घेतल्या आणि त्यांतल्या निम्म्याजणींची वर्षानुवर्षे सीए-125 ही रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी केली. 2021 मध्ये निष्कर्ष आला की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय सीए-125 फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, अगदी पोटाच्या टीबीतही वाढते. टीबीमध्ये पोटात पाणीही होते. आपल्या देशात हे विसरून चालणार नाही. नुसत्या आकड्यावर कॅन्सर ठरत नाही. तसेच तरुण मुलींच्या सोनोग्राफीत ‘सिस्ट’ लिहिलेले दिसले की घर हादरते, पण त्यातल्या बहुतेक साध्या गाठी दोन-तीन पाळ्यांत आपोआप जातात.

सुईबद्दल शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. गाठ एकाच अंडाशयापुरती असेल तर ती टोचत नाहीत; न फोडता अखंड काढून तपासतात, कारण फुटली तर आतला द्रव पोटात सांडून आजाराचा टप्पा वाढू शकतो. पण आजार पोटात आधीच पसरलेला असेल, तर सुईने तुकडा घेणे किंवा पाणी तपासणे आवश्यकच असते. कोणते औषध द्यायचे ते त्यावरच ठरते. कुठे टोचायचे आणि कुठे नाही, हे या कामातल्या डॉक्टरांना ठरवू द्या.

म्हणूनच पहिले ऑपरेशन कोण करतो, याला फार महत्त्व आहे. डोळ्यांना दिसणारा सगळा आजार काढता आला तर पुढचे आयुष्य वाढते, आणि ते कौशल्य स्त्रीरोग-कॅन्सरच्या सर्जनचे. आजार जास्त पसरला असेल तर आधी साधारण तीन केमो, मग ऑपरेशन, मग उरलेल्या केमो. केमो सहसा कार्बोप्लाटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या औषधांची, तीन आठवड्यांनी एक. केस जातात, पण परत येतात. पहिल्या टप्प्यात सापडलेल्या दहापैकी नऊजणी पाच वर्षांनंतरही हयात असतात. पुढच्या टप्प्यात हा आकडा बराच खाली येतो, तरी उपचारांनी वर्षे मिळतात. ती वर्षे नातवंडांत, घरात, माणसांत जातात. त्यांना कमी लेखू नका.

निदान पक्के झाले तर बीआरसीए या जनुकांची तपासणी करायला सांगा. हा दोष आईकडून तसा वडिलांकडूनही येतो, मुलांमध्येही उतरतो. सासूबाईंच्या मुली, बहिणी यांना त्यामुळे वेळीच सावध होता येते, आणि खुद्द सासूबाईंसाठी ओलापॅरिबसारख्या गोळ्या उपयोगी पडतील का, हेही कळते. तुम्ही सून आहात, तुमचे रक्त वेगळे. पण तुमच्या नवऱ्याला आणि मुलांना ही माहिती लागू आहे.

कुठे जायचे? परळचे टाटा रुग्णालय 1941 पासून आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण टाटा मेमोरियल सेंटरचेच ॲक्ट्रेक तुमच्याच तालुक्यात, खारघरला आहे. सोनोग्राफीचा रिपोर्ट, जुने डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी, आधार आणि रेशनकार्ड एका पिशवीत घाला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. गॅसच्या गोळ्यांची नवी पट्टी आणू नका, याच आठवड्यात सासूबाईंना घेऊन जा.