पहिला पीस पास करून घे

अगं सोनू, परवा फोनवर म्हणालीस, "ताई, ओपन सोर्समध्ये कोड द्यायचाय, पण माझा कोण घेणार?" वर वर्गातल्या मुलींनी कुठल्याशा प्रकल्पाच्या रीडमीत स्वतःचं नाव घालून पाठवल्याचंही सांगितलंस. तसलं काही करू नकोस हं. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टींवर टी-शर्ट मिळणार म्हणून लोकांनी इतका कचरा ओतला, की प्रकल्प चालवणारे वैतागले. शेवटी ज्या प्रकल्पांना हवंय त्यांनीच भाग घ्यायचा, असा नियम करावा लागला.

आता माझी फजिती ऐक, आईला सांगू नकोस. दुसऱ्या वर्षाला असताना एका लायब्ररीत दोन ओळी दुरुस्त केल्या आणि पाठवून दिल्या. माझ्या एडिटरने सेव्ह करताना सगळीकडच्या स्पेस बदलून टाकल्यात, याचा पत्ताच नाही मला. एकेचाळीस फाइली! समोरून एवढंच आलं, "नेमकं काय बदललंय?" मी रडून लॅपटॉप मिटला. गुरुवार होता, बाबा कारखान्याच्या सुट्टीमुळे घरीच. त्यांना कोड कळत नाही, पण म्हणाले, "रिजेक्शनच्या टॅगवर कारण लिहिलंय ना? मग रीवर्क कर." आणि विचारलं, "पहिला पीस न दाखवता अख्खा लॉट कसा काढलास?"

तेच तुला सांगायचंय. सीएनसी मशीनवर सेटिंग झालं की बाबा एक पीस काढतात, गेज लावतात, इन्स्पेक्टरकडे नेतात. तो पास झाला की लॉट सुरू. तूही एकच पीस, म्हणजे एकच छोटा बदल, आधी ने.

माझा पास झालेला पीस तर अगदी घरगुती होता. एका प्रोग्रॅममध्ये 'दुसऱ्या' शोधलं तर कधी सापडायचं, कधी नाही. डोळ्यांना शब्द तोच. खोदून पाहिलं तर युनिकोडमध्ये हा 'ऱ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधा 'र' आणि खाली नुक्ता. शोधायच्या आधी दोन्हीकडचा मजकूर एका रूपात आणला, म्हणजे नॉर्मलाइझ केला, की झालं. एका ओळीचं काम. पण तपासणाऱ्याला मराठी कुठलं यायला? म्हणून आधी इश्यू लिहिला: काय टाइप केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं. सोबत दोन्ही रूपांतला 'दुसऱ्या' घेऊन टेस्ट जोडली. माझ्या बदलाआधी ती नापास व्हायची, नंतर पास. आठ दिवसांनी त्याने व्हेरिएबलचं नाव तेवढं बदलायला लावलं आणि मर्ज केलं.

आपल्या भाषेची अशी कामं पडूनच असतात गं. लोहित फॉन्टचंच बघ. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेला, रेड हॅटने २००४ मध्ये जीपीएलखाली खुला केला, २०११ मध्ये ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणला. खुला आहे म्हणूनच एखादं जोडाक्षर बिघडलेलं दिसलं तर तू-मी हात घालू शकतो.

तेव्हा तू रोज वापरतेस असंच काहीतरी निवड. लायसन्स आणि कॉन्ट्रिब्यूटिंगची फाइल आधी वाच, कंटाळा आला तरी. मग फोर्क करून आपल्या मशीनवर उतरव आणि काहीही न बदलता टेस्ट चालव. बरीच मुलं इथेच अडकतात, आणि ज्या पायरीवर तू अडकलीस तीच कागदोपत्री नीट लिहून देणं हेही योगदानच. 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल असलेलं काम दिसलं तर खाली विचार, "मी करू का?" वेगळी ब्रँच काढ, आणि पाठवण्याआधी गिट डिफ ओळन् ओळ वाच. माझ्या एकेचाळीस फाइली तिथेच दिसल्या असत्या. एआयकडून लिहून घेतलेली ओळ का आहे हे सांगता येत नसेल, तर ती पाठवू नकोस; विचारल्यावर त-त-प-प होईल. आणि उत्तर आलं नाही म्हणून रोज टोचू नकोस, ती माणसं नोकरी सांभाळून हे करतात. आठवड्याने एकदा नम्रपणे आठवण दे.

रविवारच्या लोकलने येते मी आकुर्डीला. तोवर टेस्ट चालवून ठेव, आणि एरर आला तर स्क्रीनचा फोटो नको, अख्खा मजकूर पाठव.