कॉफी मागवताना: गंगापूर तालुक्यातून अमेरिकेत आलेल्यांसाठी, तिघांकडून

न्यू जर्सी (मूळ गाव लासूर स्टेशन)

आधी माप समजून घ्या. आपला घरचा कप शंभर-सव्वाशे मिलीचा. इथल्या स्टारबक्सचा 'ग्रँडे' 16 औंसांचा, म्हणजे 473 मिली. 20 किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना मे 2018 पासून मेन्यूवर कॅलरी छापाव्याच लागतात, त्या वाचून मगच मागवा. सिरप पंपाने घालतात. स्टारबक्सच्या गरम ग्रँडेत साधारण 4 पंप, एका पंपात सुमारे 20 कॅलरी. "एकच पंप" म्हटलं तरी चालतं, कुणी वाईट मानत नाही. व्हिप्ड क्रीम नको म्हणा. ओटचं दूध हलकं असतं हा गैरसमज आहे. बिनसाखरेचं बदामाचं हलकं. पम्पकिन स्पाइस या मसाल्याच्या कॉफीच्या सॉसमध्येच साखर आणि आटवलेलं दूध असतं, म्हणून तिथे पंप निम्मे करणं हाच उपाय.

डॅलस

मी वरचं काहीच केलं नाही. उपवासाला कॉफी चालते म्हणून एकादशीलासुद्धा मोठा कॅरॅमलचा ग्लास! दोन वर्षांत रक्तातल्या साखरेची चाचणी, एचबीएवनसी, 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. विमा कंपनी फोनवर म्हणाली, खर्च मिळेल. नंतर पूर्ण बिल माझ्याच नावावर. चिठ्ठीवरचा कोड चुकला होता. दवाखाना विम्याकडे बोट दाखवी, विमा दवाखान्याकडे. चार महिने जेवणाच्या सुट्टीत फोन कानाला लावून बसले, एकदा रडलेसुद्धा. प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. माझे पैसे त्या वहीमुळेच परत मिळाले.

शिकागो

पम्पकिन स्पाइस म्हणजे दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग. आपल्या मिसळणाच्या डब्याशेजारी हे सगळं असतंच. पाहुण्यांना जायफळाची कॉफी देणाऱ्या घरातल्या मुलांनी तीच चव बाहेर विकत घ्यावी, याचं मला वाईट वाटतं. रविवारी मुलांच्या हातात किसणी द्या. कॉफी कशी करायची हे त्यांना आजीकडूनच कळलं पाहिजे, आणि आजी लांब असेल तर ते काम आपलं. शंभर मिली 2% दूध, तेवढंच पाणी, कॉफी, सपाट चमचाभर साखर: साधारण 65 कॅलरी. जायफळ गॅस बंद केल्यावर किसा, चिमूटभरच. इथल्या इंडियन स्टोअरमध्ये ते मिळतं. भारतातून येताना बॅगेत त्यासाठी जागा अडवू नका.